कापून टाकलेली फीत
मार्तंड माइकवाल्याला विचारून काम करायची सवयच नव्हती. इतवारीतल्या त्याच्या दुकानातून लग्नाला, सभेला, कॉलेजच्या गॅदरिंगला भोंगे जायचे, आणि भोंग्यांसोबत मार्तंडाचा स्पूलचा टेपरेकॉर्डरही जायचा. गाणाऱ्याची परवानगी वगैरे भानगडीत हा गडी कधी पडला नाही.

जीव मात्र जडला होता एकट्या रुपरावावर. रुपराव दिवसा रेल्वेत फिटर आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून रॉक गाणारा. सत्तर सालच्या नागपुरात हे म्हणजे अचाटच काम! लोक यायचे, नाचायचे, पण त्याची रेकॉर्ड काढावी असं कोणाच्या मनात आलं नाही. एकोणऐंशीत काविळीनं तो गेला. त्याचा आवाज उरला तो मार्तंडाच्या कपाटातल्या फितींवर.

चौऱ्याऐंशीत मार्तंडानं त्यातली निवडक बारा गाणी जोडून एक कॅसेट काढली. विचारलं अर्थातच कोणाला नाही. धरमपेठेतली कॉलेजची पोरं कॅसेटवर तुटून पडली. मार्तंड खुशीत होता, तेवढ्यात रुपरावाची बायको गोपिका दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"कोणाले इचारून काढली, भाऊ?"

मार्तंडानं कान पकडले. "चुकलो, वहिनी."

"राहू द्या. लोक आयकून राहिले, मले बरंच वाटलं. पण त्यायचं बोलणं कुठी गेलं? मी चारदा आयकली कॅसेट."

रुपरावाचं क्वार्टर रेल्वेच्या मैदानाला लागूनच होतं. तिथला कार्यक्रम संपला की तो भोंग्यावरूनच बायकोला भात टाकायला सांगायचा. मैदान खो खो हसायचं आणि गोपिका घरात कपाळावर हात मारायची. पाच वर्षं ती तेवढ्या हाकेला आसुसली होती.

मार्तंडाला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं. कॅसेट साफ व्हावी म्हणून त्यानंच मधलं बोलणं ब्लेडनं कापून काढलं होतं. ते तुकडे मेहुणा धोंडबा घेऊन गेला होता, वाडीपलीकडच्या आपल्या शेतात ज्वारीवर बांधायला. वाऱ्यानं फीत फडफडली की पाखरं कणसावर बसत नाहीत.

मार्तंड त्याच पावली सायकलीवर निघाला. धोंडबाच्या शिव्या खात त्यानं दिवसभर ज्वारीच्या एकेका ताटावरून फीत सोडवली. पुढचे तीन दिवस पुसणं, जोडणं, ऐकणं. बहुतेक तुकड्यांत नुसती खरखर होती. दोन हात लांबीचा एक तुकडा मात्र बोलला, आणि मार्तंड गोपिकेला बोलवायला धावला.

"गोपिका, भात टाक वं. आलोच मी."

तिनं तो सात वेळा लावायला सांगितला. रडली नाही. टेपरेकॉर्डरवर हात ठेवून नुसती बसून राहिली.

मग मार्तंडानं जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी विचारलं. "वहिनी, हे कॅसेटच्या शेवटी टाकू काय?"

"गाणे लोकायचे हायेत, भाऊ. ते खुशाल इका," ती म्हणाली. "हे माह्यं हाय."

मार्तंडानं एका कोऱ्या कॅसेटवर तेवढंच वाक्य उतरवलं आणि कॅसेट तिला दिली. मागोमाग फितीचा तो तुकडाही गुंडाळून तिच्या हातात ठेवला. आपल्यासाठी त्यानं प्रत काढली नाही.