आत्याच्या ट्रस्टविरुद्ध माझी साक्ष

माझ्या आत्याने लग्न केलं नाही. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि स्वतःच्या कमाईतून शहरातल्या महाल या जुन्या वस्तीत दुमजली घर घेतलं. शेवटच्या आजारपणात तिने त्या घराचा ट्रस्ट केला. काटोलकडच्या खेड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींनी तिथे फुकट राहावं, एवढीच तिची इच्छा. तिच्या डोळ्यांदेखत सहा जणी राहायलाही आल्या.

ती गेली. तेरवी आटोपताच बाबांनी वकील गाठला. "सख्खा भाऊ जिवंत असताना घर परक्यांले काहून?" असं ते भेटेल त्याला विचारत. ट्रस्ट करताना तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तो रद्द करा, असा दावा लागला. साक्षीदार मी, कारण आजारपणात तिच्याजवळ मीच होते.

"बाबा, तिला शेवटपर्यंत सगळं समजत होतं."

"तिनं तुले तुझ्या आईच्या नावानं हाक मारली होती का नाही?"

"एकदाच. तापात."

"मंग तेवढंच सांग. खोटं बोलायले सांगून राहिलो का मी तुले?"

माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. बाबांचा शब्द मोडायची हिंमत नव्हती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

कोर्टात मी ती हाक सांगितली. मग ट्रस्टच्या वकिलाने विचारलं, "त्याच आठवड्यात त्यांनी ट्रस्टचा मसुदा तुमच्याकडून वाचून घेतला आणि त्यातल्या तीन चुका दाखवल्या. खरं ना?"

खरं होतं. चुका मीच पेन्सिलीने दुरुस्त केल्या होत्या.

"आठवत नाही," मी म्हणाले. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

दावा बाबांनी जिंकला. मुली घर सोडत होत्या तेव्हा किल्ल्या घ्यायला त्यांनी मलाच पाठवलं. रिक्षात ट्रंक ठेवून एक मुलगी परत आली.

"ताई, बाई तेव्हा आम्हाले रोज गणितं घालत. तुम्ही बाजूलेच बसून राहायच्या. मंग असं काहून सांगितलं?"

मी किल्ल्यांसाठी हात पुढे केला. तिने त्या माझ्या हातात न देता पायरीवर ठेवल्या. पुढे कळलं, तिची शाळा तिथेच सुटली.

बाबांनी घर विकलं आणि माझं लग्न थाटात लावलं. मांडवात आत्याच्या फोटोला हार घातला होता. मी वाकून नमस्कार केला, आणि बायका म्हणाल्या, पोरीचा आत्यावर भारी जीव होता.