राह्यलं-साह्यलं तुमचं

आमच्या शेजारच्या रहिमाबीनं भाड्याची जागा सोडली, का निघायच्या आधी ती दाराच्या चौकटीला आपल्या हातचा एक गोंडा बांधायची. मंग जागा झाडून घ्यायची, मालकाच्या हातात किल्ली द्यायची आन् म्हणायची, "राह्यलं-साह्यलं तुमचं. माझं काही न्हाई." भांडून निघाली असली तरी हेच. एका मालकानं तिचं कपाट अडवून ठेवल्तं, त्यालाबी हेच म्हणून आली. मी म्हणलं, आपा, कपाट तरी मागायचं. तर मलाच सांगते, निघताना मागं वळून पाह्यलं का बरकत तिथंच राहते. असल्या बाईशी काय बोलावं? पण दुकानावरची आपल्या नावाची पत्र्याची पाटी मात्र तिनं कधी कोणाच्या हाती दिली न्हाई. ती पाटी डोक्यावर घेऊन पुढं, आन् आम्ही बोचकी घेऊन मागं. पाटी ज्याची त्याची, जागा मालकाची, असा तिचा सरळ हिशेब होता.

मी कौसल्या. जालन्याच्या मस्तगडात माझी पिठाची गिरणी हाय, आन् रहिमाबीची शेवटची जागा माझ्या ओट्याला लागून. तिचं काम पटवेकऱ्याचं. पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधायच्या घुंगरायच्या मथाट्या, शिंगायचे गोंडे, गळ्यातल्या कवड्यायच्या माळा, सगळं हातानं वळलेलं. नवरा गेला तव्हा पोरगा अंगावर पीत होता. ही एक्याऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट. तरणीताठी बाई, डोक्यावर गाठोडं घेऊन अंबड, शहागड, पार गोदावरीपर्यंत एकटी फिरायची. लोक बोलले न्हाईत असं कसं होईल? घरचे बोलले, बाहेरचे बोलले, आमच्या सासूबाईबी बोलल्या. ती आपली खाली मान घालून फिरत राह्यली. वीस वर्षांनी मंग अशी गत झाली, का शहागडच्या बाजारात माणूस गोंडा मागत नव्हता, रहिमाबीचा गोंडा मागत होता. शेत न्हाई, घर न्हाई, अंगावर गुंजभर सोनं न्हाई. जे काही होतं ते एवढं नाव होतं, आन् ते तिनं चारित्र्यावर शिंतोडा न पडू देता कमावल्तं.

तिची नात गौहर कंप्युटर शिकली. बाप रोलिंग मिलमधी भट्टीपाशी जळतो, ही पोरगी गार खोलीत बसून काय करती, मला काही कळत न्हवतं. एक दिवस म्हणाली, काकू, दादीचं दुकान इंटरनेटवर टाकलं, रहिमाबी गोंडा डॉट कॉम. रहिमाबी आधी बिचकली. बाईमाणसाचं नाव असं जगासमोर टांगायचं? गौहर म्हणाली, पाटीवर तर हायेच की. मंग तिचं तोंड बंद झालं.

आन् काय सांगू, मागणी आली. पुण्याहून आली, मुंबईहून आली, एकदा तर परदेशातून आली. गौहरनं फोटो दाखवला तव्हा मी आ वासून बघत राह्यले. बैलाच्या कपाळावरची मथाटी कोणीतरी दिवाणखान्याच्या भिंतीवर लावल्ती, खाली सोफा, सोफ्यावर मांजर. मी म्हणलं, आपा, लोकायला वेड लागलं. रहिमाबीला त्या भिंतीवरल्या मथाटीची दया आली. म्हणाली, बैल न्हाई तर ही बिचारी कोणासाठी वाजंल?

आता हे इंटरनेटवरलं दुकानबी कुठंतरी ठेवावं लागतं म्हणे. त्याला भाड्याची जागा लागते. ती जागा मोठ्या शहरातल्या एका कंपनीची होती, आन् तिचं भाडं दरवर्षी वाढत चाललं. बाकी कंप्युटर रहिमाबीच्या डोक्यावरून जायचा, पण भाडं वाढणं तिला बराबर कळलं. जन्मभर तेच पाह्यल्तं ना! बसस्टँडजवळ नेट कॅफे चालवणारा मच्छिंद्र म्हणाला, निम्म्याहून कमी भाड्यात दुसरी जागा हाय, आपण दुकान उचलून तिकडं ठेवू. रहिमाबी लगेच तयार. जागा बदलायची तिला हौसच होती म्हणा.

होळीच्या सुमाराला गौहर आन् मच्छिंद्रनं फोटो, भाव, मागणीचे कागद, सगळं नव्या जागी नेऊन मांडलं. जुन्या कंपनीला सांगून पाटीचं तोंड नव्या जागेकडं वळवून घेतलं. म्हणजे नाव तेच, पण ते दाबलं का नवं दुकान उघडायचं. झालं, काम फत्ते. गौहर जुन्या कंपनीला आखरीचा फोन करून राह्यली होती, तवर रहिमाबीनं तिच्या हातातून फोन घेतला. मी तिथंच पीठ चाळत बसले होते, माझ्या कानानं ऐकलं. म्हणाली, "बेटा, तुम्हारी जगे में हमारा अच्छा चला. जो कुछ रह गया, वो सब तुम्हारा. हमारा कुछ नई." पलीकडचा माणूस खूश झाला असणार, कारण ही हसून हसून त्याला दुवा देत होती. वरून त्याला पोस्टानं एक गोंडा पाठवला. दाराला बांधायला. मी म्हणलं, आपा, कंपनीला कुठलं आलंय दार? तर म्हणाली, दार न्हाई असं जगात काही नसतं.

नव्या जागी दुकान छान चाललं. गौहरला अजून जोर चढला. तिनं कापडी पट्ट्या छापून आणल्या, रहिमाबी गोंडा डॉट कॉम लिहिलेल्या, आन् पोळ्यासाठी वळलेल्या एकूणएक मथाटीच्या, गोंड्याच्या मागं शिवून टाकल्या. रहिमाबीला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कसं दिसतं ते तिला पाटीवरून ठाऊक होतं. पट्टीवरून बोट फिरवत बसायची. बाई खुळावलीच होती.

उन्हाळ्याच्या आखरीला ते दुकान उघडायचं बंद झालं. आम्हाला वाटलं, स्वस्तातली जागा, स्वस्तासारखीच वागणार. मच्छिंद्र नव्या कंपनीच्या मागं लागला, ते म्हणत आमच्याकडं सगळं ठीक हाय. असे दिवस गेले. पोळा जवळ आला. आन् एक दिवस मच्छिंद्र माझ्या गिरणीच्या दारात येऊन उभा राह्यला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. म्हणाला, "काकू, गौहरला घेऊन या. आपाला आणू नका."

मी गिरणी बंद केली आन् पोरीला घेऊन गेले. त्यानं कॅफेचा पडदा ओढला, कंप्युटरवर ते नाव दाबलं आन् स्वतः बाहेर जाऊन उभा राह्यला. मी बघितलं आन् माझी दातखीळच बसली. अंगावर चिंधी नसलेल्या बायका. एक न्हाई, दोन न्हाई, सगळा पडदा भरून. आन् वर डोक्यावर, जिथं बैलाचा फोटो असायचा तिथं, आमच्या रहिमाबीचं नाव. मी डोळ्याला पदर लावला. गौहर हललीबी न्हाई.

तिनं तिथूनच जुन्या कंपनीला फोन लावला. ते काही वाईट बोलले न्हाईत. त्यांनी समजावून सांगितलं, का हे नाव दरसाल नव्यानं नोंदवावं लागतं, आन् ते काम आजपर्यंत कंपनीच करत होती, भाड्यातच. यंदा नोंद संपली. तुमच्या घरच्या अम्मांनी तर फोनवर स्वतः सांगितल्तं, आमचं काही न्हाई, राह्यलं ते सगळं तुमचं. मंग आम्ही कशाला पुढं चालवावं? नाव मोकळं झालं, आन् मोकळं झालेलं नाव कुठल्या मुलखातल्या कोणीतरी उचललं. आता ते परत भेटणार न्हाई.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पाटी ज्याची त्याची म्हणून जन्मभर डोक्यावर वाहिली, आन् ही पाटी जागेसंगं मालकाकडंच राह्यल्ती. आम्हाला कोणालाच ठाऊक न्हाई. शिकलेल्यालाबी न्हाई आन् अडाण्यालाबी न्हाई. मला सगळ्यायचाच राग आला. कंपनीचा, मच्छिंद्रचा, त्या पोरीचा, आन् सगळ्यात जास्त रहिमाबीच्या त्या चांगुलपणाचा. कोणी सांगितल्तं दुवा द्यायला?

आम्ही ठरवलं, तिला सांगायचं न्हाई. पण लपतंय थोडंच. ती आली का आमचं बोलणं थांबायचं. गल्लीतली टवाळ पोरं तिचं नाव घेऊन फिदीफिदी हसायची. एकाच्या तोंडावर तर मी सुपातलं पीठच फेकलं. शेवटी एका दुपारी रहिमाबी आमच्या दोघीसमोर येऊन बसली आन् म्हणाली, "मेलं कोण ते तरी सांगा."

गौहरनं सगळं सांगितलं. फोनवरचंबी सांगितलं. मी तिला डोळ्यानं दाबत होते, पण पोरगी थांबली न्हाई. रहिमाबी बराच वेळ आपल्या हातायकडं बघत बसली, जसं काही त्या हातानंच कोणाला काही काढून दिलं. मंग हळूच म्हणाली, "मीच दिलं?" तिच्या चेहऱ्यावरचं पाणीच गेलं. नवरा मेला तव्हा मी तिला पाह्यल्तं, तव्हाबी ती अशी दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, दाखवा मला. आम्ही न्हाई न्हाई म्हणत राह्यलो. ती पायात चपला घालून उभी. नेलं. पडदा ओढला. मला वाटलं, आता ही कोसळते. ही खुर्चीत बसली, चष्मा लावला, आन् एकेकीचं तोंड बघत गेली. नुसतं तोंड. खाली तिची नजर गेली न्हाई. मंग म्हणाली, "कौसल्या, ह्या पोरी कोणाच्या हायेत गं? ह्यायच्या मायला ठाऊक असंल का?"

मी इतके दिवस नावासाठी रडून राह्यले होते, त्या पोरीयला पोरी म्हणून मी पाह्यलंच नव्हतं. मला तिचाबी धक्का बसला आन् माझाबी. ती उठली आन् बाहेर निघून आली.

शहागडचा पोळ्याचा बाजार तिनं आजवर चुकवला नव्हता. मी म्हणलं, आपा, यंदा राहू दे, तिथलीबी पोरं नेट बघतात. तिनं ऐकलं न्हाई. मंग मीबी संगं गेले, अंबडमार्गे यष्टीनं, मांडीवर गाठोडं. नेहमीच्या जागी तिनं चादर अंथरली, माल मांडला, आन् पहिलं काम काय केलं असंल? कात्री काढली आन् प्रत्येक गोंड्याची पट्टी कचाकचा कापायला बसली. तिचंच नाव, तिच्याच हातानं. पट्ट्या धुळीत पडत होत्या. माझ्याच्यानं बघवेना.

तेवढ्यात रामराव आला. रामराव शहागडचा मोठा कास्तकार, रहिमाबीचं पहिल्या सालापासूनचं गिऱ्हाईक. त्याच्या मागं दोन-तीन पोरं होती, एकमेकाला कोपरानं ढोसत. रामरावनं विचारलं, हे काय करून राह्यली? मला वाटलं, ही काहीतरी थाप मारंल. पण रहिमाबी उभी राह्यली. जन्मात तिनं बाजारात आवाज चढवला नव्हता, आन् आता आजूबाजूच्या साऱ्या पालावर ऐकू जाईल असं बोलली. म्हणाली, "रामराव, कंप्युटरवर माझ्या नावाखाली नंग्या बाया दिसतात. ते नाव माझ्या हातून गेलं. त्यात माझा हात न्हाई. पटत असंल तर माल घे, न्हाई तर नको घेऊ."

ती पोरं जमिनीकडं बघायला लागली. रामरावनं धुळीतली एक पट्टी उचलली, उलटी धरली, सुलटी धरली, आन् विचारलं, "यावर तुझं नाव लिहिलंय व्हय?"

"हां."

"आगं माय, आमाला कुठं ठाऊक! गेल्या हप्त्यात पोरानं जालन्याहून तुझ्या दोन मथाट्या आणल्या, त्यालाबी ही चिंधी व्हती. बैलाच्या डोळ्यात जाऊन राह्यली म्हणून मीच कापून फेकली. तुझा गोंडा का चिंधी वाचून घेत्यात? गाठीवरून कळतो की." एवढं बोलून तो खाली बसला आन् पुढच्या जोडीसाठी मथाट्या निवडायला लागला. बिलकुल दरसालसारखा, भाव करत, कुरकुर करत.

रहिमाबीनं तोंडावर पदर घेतला. हसत होती का रडत होती, मला आजबी सांगता येणार न्हाई. मी मात्र भर बाजारात ढसाढसा रडले, आन् मला त्याची लाज न्हाई वाटली.

दिवस कलला तव्हा निम्म्याहून जास्त माल गेल्ता. तिनं चादर झटकली, घडी केली. एक गोंडा काढून शेजारच्या पालाच्या काठीला बांधला, नेहमीसारखा. मंग त्या जागेकडं बघून तिनं तोंड उघडलं. मला ठाऊक होतं ती काय म्हणणार. जन्मभर तेच म्हणत आल्ती.

पण ती म्हणाली न्हाई. तोंड मिटलं, आन् सत्तरीला टेकलेली ती बाई गुडघ्यावर बसली. धुळीतून एकेक पट्टी वेचायला लागली. फुंकून फुंकून पदरात घेत होती. पलीकडं यष्टी हॉर्न देत होती, मी म्हणलं, आपा, चल, जल्दी कर, गाडी जाईल.

"जाऊ दे," ती म्हणाली. "तू तिकडून बघ गं कौसल्या. माझं काही राह्यलं का."