कारणाचा रकाना

माझी नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावरची. ऑर्डरवर पदाचं नाव इंग्रजीत छापलं होतं, पण ऑफिसात सगळे मला 'कॉम्प्युटर मॅडम' म्हणत. जिल्ह्यातल्या सरकारी शाळांचा कारभार तिथून चालायचा. शाळांना नुकतेच कॉम्प्युटर मिळाले होते. ते पोचवायचे, चालू करून द्यायचे, बंद पडले की माणूस पाठवायचा, आणि शिक्षकांची सगळी माहिती मशीनमध्ये भरायची, हे माझं काम. मी तेवीस वर्षांची होते. शाळा सगळी इंग्रजीतून झाली होती. तिथे मराठी बोलताना सापडलं की गळ्यात पाटी अडकवून वर्गाबाहेर उभं करत. त्या सवयीने असेल, पण घराबाहेर मी कुठल्याच भाषेत फारसं बोलत नसे. मशीनचं माझ्यावाचून अडायचं, माझ्या बोलण्यावाचून अडत नव्हतं. मला ते बरं वाटायचं.

त्या वर्षी नवे साहेब आले. तोवर शिक्षकांच्या बदल्या बंद खोलीत व्हायच्या आणि यादी बाहेर आली की महिनाभर शिव्याशाप चालायचे. साहेबांनी ठरवलं, बदल्या भर सभागृहात करायच्या. भिंतीवर प्रोजेक्टरने यादी दाखवायची, एकेकाला पुढे बोलवायचं, रिकाम्या शाळा त्याला दिसतील, त्यातली त्याने निवडायची. आजारी, अपंग, विधवा अशांना आधी संधी, म्हणजे प्राधान्य. बाकीचे नंतर, नोकरीच्या वर्षांप्रमाणे.

यादीचा तक्ता मी तयार केला. नाव, सध्याची शाळा, नोकरीची वर्षं, आणि शेवटी प्राधान्य आहे की नाही. साहेबांनी तो पाहिला.

"हो-नाही काय लिहिताय? कारण लिहा," ते म्हणाले. "कोण कशावर पुढे घुसतंय ते लोकांना दिसू दे. खोटे दाखले आणणारे भिंतीवर नाव बघून आपोआप गळतील."

यात खोटं काही नव्हतं. खोटे दाखले येत होतेच, मी ते रोज टाइप करत होते. मी एक रकाना वाढवला आणि वर 'कारण' लिहिलं.

भरता भरता एका शब्दाशी अडले. शेजारच्या टेबलावर आमचे वरिष्ठ लिपिक बसायचे, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांना विचारलं, परित्यक्ता म्हणजे काय.

"म्हंजे नवऱ्यानं टाकलेली," ते म्हणाले. "नांदत न्हाय ती. तुमच्या इंग्लिश शाळेत शिकवलं न्हाय व्हय?"

पलीकडचे दोघे हसले. मी खाली मान घालून शब्द टाइप केला. जिल्ह्यात त्या कारणाच्या मोजक्याच बाया होत्या. पहिल्या नावापुढे टाइप केला, पुढच्यांना कॉपी करून चिकटवला.

सभेच्या चार दिवस आधी शिक्षकांना आपापली नोंद तपासायला बोलावलं होतं. बहुतेक जण यायचे, नाव बघायचे, सही करून जायचे. कागल तालुक्यातल्या एका गावच्या बाई मात्र नाव बघून तिथेच थांबल्या. पस्तिशीच्या असाव्यात. पदर खांद्यावरून पुढे घेतलेला, गळ्यात मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी.

"हे असंच दिसणार भिंतीवर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शेवटचं पण?"

"हो."

त्यांनी मागे पाहिलं. भाऊसाहेब चहाला गेले होते. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि हळू आवाजात बोलल्या. सध्याच्या गावात त्यांची मुदत भरली होती, तिथून हलावं लागणारच होतं. माहेर जयसिंगपूरला, तिथे आई आणि भाऊ. मुलगी जूनमध्ये पाचवीला जाणार. जयसिंगपूरजवळ एकच जागा रिकामी होती आणि ती प्राधान्याशिवाय मिळणार नव्हती. पण गावात त्यांनी सांगितलं होतं की मालक हुबळीला नोकरीला आहेत.

"मंगळसूत्र होतं म्हणून खोली मिळाली, मॅडम. पोरीला पण तेच सांगितलंय. दर दिवाळीला हुबळीहून कपडे येतात तिला. मीच आणते." त्यांनी पुन्हा मागे पाहिलं. "आमच्या शाळेतले दोघं गुरुजी सभेला येणार. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोरांना कळंल, आणि त्यांची पोरं हिच्याच वर्गात हायत. मी सांगणार हाय तिला. जयसिंगपूरला गेल्यावर, आईच्या समोर. माझ्या तोंडून."

मी स्क्रीनकडे बघत होते.

"तेवढा रकाना झाकता येतो का?"

येत होता. दोन सेकंदांचं काम. रकाना निवडायचा, उजवं बटण दाबायचं, 'लपवा' म्हणायचं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

"साहेबांना विचारते," मी म्हणाले.

"विचारा हं," त्या म्हणाल्या. "मी फोन करते परवा."

त्या दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. शिक्षक संघटनेची चार माणसं बसली होती. साहेबांनी मान वर करून "काय?" म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, सभागृहासाठी लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लागेल. ते म्हणाले, भाऊसाहेबांना सांगा. मी बाहेर आले. दुसऱ्या दिवशी जाईन असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते, असं मला सांगायला आवडलं असतं. ते दिवसभर केबिनमध्येच होते.

बाईंचा फोन आला तेव्हा भाऊसाहेब समोरच होते.

"विचारलं का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "नाही म्हणाले."

मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. एवढं छोटं उत्तर देऊन सुटता आलं याचं मला त्या क्षणी हायसं वाटलं होतं. तेही लिहायला हवं.

सभेच्या दिवशी मे महिन्याचं ऊन पत्र्यावर आणि आत तीन-चारशे माणसं. खिडक्यांना काळे कागद लावले होते, भिंत नीट दिसावी म्हणून. मी मंचाच्या बाजूला मशीनपाशी. सुरुवातीला साहेब माइकवर बोलले. आता कुणाचा वशिला चालणार नाही, म्हणाले. एकदा या कॉम्प्युटरमध्ये जागा भरून सेव्ह केली की मलासुद्धा बदलता येणार नाही.

"मॅडम, बरोबर ना?"

बरोबर नव्हतं. कुणालाही, कधीही बदलता येत होतं. मी मान हलवली. टाळ्या वाजल्या.

मग नावं सुरू झाली आणि लोकांना भिंतीची गोडी लागली. हृदयविकाराच्या कारणावर पुढे आलेल्या एका जाड्या सरांना मागून कुणी तरी म्हणालं, "सर, जिन्यानं दोन मजले चढून आलासा की. आता पडतासा काय इथं?" सभागृह हसलं. सरही हसले आणि जागा निवडून गेले.

पुढचे गुरुजी ऐकू येत नाही म्हणून प्राधान्यात होते. साहेबांनी माइक बाजूला केला आणि अगदी हळू विचारलं, "गुरुजी, तुमच्या मागं कोण उभं आहे?" गुरुजींनी वळून पाहिलं. हशा पिकला, बाकं वाजली. साहेब म्हणाले, "काढा यांचं नाव." मला दिसलं होतं की आधी पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या होत्या आणि त्या बघून गुरुजी वळले होते. त्यांना अजून कळलं नव्हतं लोक का हसताहेत. तेही थोडे हसत होते. मी त्यांचं नाव काढलं.

बाई चौथ्या रांगेत कडेला बसल्या होत्या. भिंतीवर एका वेळी दहा नावं दिसायची, त्यांचं पुढच्या दहांत होतं. गुरुजी खाली उतरले तेव्हा त्या उठल्या, मंचाजवळ आल्या आणि भाऊसाहेबांच्या हातात एक कागद दिला. मी तो लांबूनच ओळखला. प्राधान्य सोडायचं असेल तर भरायचा नमुना. तो मीच तयार केला होता, आणि त्यातही कारणाची ओळ ठेवली होती.

"काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"प्राधान्य सोडाय लागल्यात, साहेब."

"मग वाचा मोठ्यानं. नंतर कुणी म्हणायला नको, आम्ही दाबून काढलं."

भाऊसाहेबांनी माइक तोंडाशी धरला आणि वाचलं. बाईंचं पूर्ण नाव, शाळा, गाव, तालुका. मग, "परित्यक्ता या कारणाने मिळालेलं प्राधान्य मी स्वखुशीने सोडत आहे." माइकचा आवाज चांगला लागला होता. शेवटच्या रांगेपर्यंत जात होता.

या वेळी कुणी हसलं नाही. माना वळल्या. तिसऱ्या रांगेत बसलेले त्यांच्या शाळेतले एक गुरुजी शेजारच्याला म्हणाले, "हुबळीला हाय म्हणत हुती की ही." शेजारचा म्हणाला, "हाय की. दुसरीसंगं असंल." मग हसू आलं, आधी तिथे, मग आजूबाजूला.

साहेबांच्या बहुधा तेव्हा लक्षात आलं. ते माइक सोडून म्हणाले, "अहो बाई, एवढंच होतं तर आधी सांगायचं. रकाना झाकला असता की. त्याला काय लागतं?"

बाई मंचाखाली उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगितलं होतं, साहेब."

"कुणाला?"

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून साहेबांकडे वळल्या. "आता कळलंच सगळ्यांना. तर मग मी ते सोडत न्हाय. तो कागद परत द्या मला, आणि माझं नाव होतं तिथं ठेवा."

सभागृहात पुन्हा गलका झाला. "आत्ता गं बया," असं एक बाईमाणूस म्हणालं. "कागद दिला की दिला. आमी काय येडं हाय व्हय बसलेलं?" हे कुणी तरी मागून. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले.

"मॅडम, सेव्ह झालंय का?"

झालं होतं. भाऊसाहेब वाचत असतानाच मी त्यांचं नाव प्राधान्यातून काढून खालच्या यादीत टाकलं होतं, हात आपोआप चालतात तसे. जयसिंगपूरची जागा अजून रिकामी होती. मागे घेणं एका बटणाचं काम होतं. साहेबांनाही ते माहीत होतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि सकाळी त्यांनी काय सांगितलं होतं ते तीन-चारशे माणसांच्या कानांत होतं. मी 'येतं' म्हटलं असतं तर कानाने अधू गुरुजींपासून सगळी यादी पुन्हा उघडावी लागली असती. हे मला आता सुचतंय. तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं की सगळे माझ्याकडे बघताहेत.

"झालंय, सर," मी म्हणाले. "आता बदलता येत नाही."

"ऐकलंत ना, बाई," साहेब म्हणाले. "माझ्या हातात असतं तर." आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. जयसिंगपूरची जागा पुढच्याच विधवा बाईंनी घेतली. त्यांनाही ती हवीच होती.

दुपारनंतर खालच्या यादीत बाईंचा नंबर आला तोवर चंदगडकडच्या शाळा उरल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे नीट न बघताच एकीवर बोट ठेवलं. ऑर्डर मीच छापून द्यायची होती, म्हणून त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. प्रिंटर हळू चालायचा. एक ओळ, मग थांबायचा, मग पुढची.

"विचारलंच न्हवतं न्हवं तुम्ही?" त्या म्हणाल्या. आवाज चार दिवसांपूर्वीइतकाच हळू होता.

"नाही."

"न्हाय विचारलं, तेवढं जरी सांगितलं असतं, तर मी गेले असते की आत. मला काय साहेबाची भीती हाय? मी म्हटलं, साहेबच नको म्हणाले, मग संपलं."

प्रिंटरने आणखी एक ओळ काढली.

"आणि आत्ताचं? येत हुतं न्हवं बदलता?"

कागद अर्धा बाहेर आला होता. मी तो धरून ठेवला, वाकडा होऊ नये म्हणून.

"मला वाटलं, पोरगी भिडस्त हाय," बाई म्हणाल्या. "बोलायचं कसं ते कळत न्हाय बिचारीला." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, नाव वाचलं, गावाचं नाव वाचलं. "भिडस्त न्हायसा तुम्ही."

मग त्यांनी हजर व्हायची तारीख विचारली. मी सांगितली. तिथे मुक्कामाची एस.टी. जाते का, असंही विचारलं. मला माहीत नव्हतं. भाऊसाहेबांनी मागून सांगितलं, जाती की, एकच, सांच्याला. बाईंनी ऑर्डरची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. तिसऱ्या रांगेतले गुरुजी दारात उभे होते. त्यांच्याजवळून जाताना बाईंनी पदर पुन्हा खांद्यावरून पुढे ओढला.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि करार पुढे वाढवायची शिफारस लिहिली. जूनमध्ये तालुक्यांतून हजर झालेल्यांच्या याद्या आल्या. चंदगडच्या यादीत बाईंचं नाव होतं, पुढे 'हजर', आणि शेऱ्यात कुणी तरी पेनने लिहिलं होतं, मुलगी सोबत. मी 'हजर' टाइप केलं. शेऱ्यासाठी माझ्या तक्त्यात जागा नव्हती.