कलशाचे तीन थेंब

"निम्मं पुसा, मंग बगा." एक डोळा मिटून, अंगठा हवेत धरून आमचे पेंटर हे वाक्य कशालाही लावत. दुकानाच्या पाटीला, माझ्या चौकड्यांच्या शर्टाला, दूध संघाच्या अध्यक्षांच्या भाषणालासुद्धा. तरीही संघाचं चिन्ह काढायला अध्यक्षांनी त्यांनाच बोलावलं. घाटनांदूरच्या आसपास दुसरा पेंटर होता कुठे?

मी संघात टँकरच्या फेऱ्या लावायचो. पेंटर मला सायकलवर डबलशीट घेऊन रानातल्या जुन्या शिवालयात गेले. तिथल्या खांबावर भरून वाहणारा कलश कोरलाय. पानं, माळा, दोन्हीकडे हंस, नुसती गर्दी. त्यांनी कागद लावून कोळशाने ठसा घेतला आणि घरी त्यातलं एकेक पुसत बसले. हंस गेले, माळा गेल्या. शेवटी उरलं कलशाचं गोल पोट, दोन पानं आणि काठावरून सांडणारे तीन थेंब. पेंटर असे खूश, की संघाच्या टँकरवर रंगवून झाल्यावर स्वतःच्या दारावरही तोच काढला.

पुढच्या साली पाऊस आलाच नाही. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं आणि संघाचे टँकर पाणी वाहू लागले. पहिल्या फेरीला पेंटर हौसेने सोबत आले. गावात टँकर थांबताच बायांनी आधी कलशाला हळदकुंकू लावलं.

"अवो माय, देव न्हाई ते," पेंटर हसत म्हणाले. "संघाची खूण हाय."

"सांडतंय की वरून," रांगेच्या शेवटची म्हातारी म्हणाली. "लई भरल्याला हाय."

तिची पाळी आली तेव्हा नळी नुसती फुसफुसली. तिने रिकामी घागर काखेला लावली, कलशाला हात जोडले. "उद्या लवकर येते, देवा."

परतताना केबिनमध्ये पेंटर माझ्याकडे वळले.

"लाज वाटती, सायेब. म्या खोटं काडलं."

"पाणी कमी पडलं, त्यात तुमचं काय?"

"समदं पुसलं की. थेंबच तेवढे कशाला ठिवले?"

सकाळी टँकरवर चढून त्यांनी पांढऱ्या रंगाने तिन्ही थेंब झाकले. अध्यक्ष खालून ओरडत होते. पेंटरांनी वळूनही पाहिलं नाही. खरं तर फेऱ्या लावणारा मी, त्यामुळे लाज मलाही वाटत होती. पण माझ्याकडे पुसण्यासारखं काही नव्हतं.

पेंटर नंतर लेकीकडे गेले आणि तिकडेच वारले. तो टँकर अजून संघाच्या मागे उभा आहे, चाकं काढलेला. परवा तिकडून जाताना पाहिलं, उन्हाने पांढरा रंग उडालाय आणि तीन थेंब पुन्हा दिसू लागलेत. कुणीतरी त्यांना ताजं कुंकू लावलं होतं. मी मान खाली घालून पुढे गेलो.