सुंदरम्माच्या परातीवरचं नाव

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या कामगार वसाहतीत सुंदरम्मा मला दोन वेळचं जेवण घालते. वय पासष्टीच्या पुढं. विड्या वळून बोटं वाकलीत, जीभ मात्र सरळ. मी ऊसपट्ट्यातल्या अकलूजचा, म्हणून तिच्या मते उसासारखा नुसता वाढलोय, रस काय भरलेला नाही.

तिच्याकडं भावानं दिलेली भली मोठी पितळी परात आहे. काठावर नाव घातलंय, ‘सुंदरम्मा’. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. गल्लीतल्या प्रत्येक लग्नाची हळद याच परातीत कालवायची, असा रिवाजच पडलाय.

घोळ मी केला. मोबाईलवर एक जुनी भुताखेतांची मालिका सापडली. दर भागात एक शापित वस्तू, वापरेल तो मेलाच. एका भागात शापित परात, आणि काठावर ठळक ‘सुंदरम्मा’! तीसेक वर्षांपूर्वी शूटिंगवाले सोलापुरात आले होते, तेव्हा हिनं ती चार दिवस वापरायला दिली होती. कशासाठी, ते त्या भल्या माणसांनी सांगितलं नव्हतं. मी हसत हसत ती क्लिप वसाहतीच्या ग्रुपवर टाकली.

आठवड्याभरात समोरच्या विजयमालाकाकूंच्या वैष्णवीची हळद आली. परात न्यायला कोणी फिरकलं नाही. मांडववाल्यानं स्टीलची परात उतरवलेली सुंदरम्मानं पाहिली आणि आपली काखेत मारून ती थेट समोर गेली. मागनं मी.

“विजयमाला, तुझ्या अभिमन्यूची हळद कशात कालवली होती गं?”

“ह्यातच की, अम्मा.”

“मग मेला का त्यो?”

“न्हाय वो. जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलाय.”

“मग?”

काकूंनी पदर सारखा केला. “आमाला काय न्हाय वो. पण वैष्णवीच्या सासरची मानसं मोबाईल बघत्यात. असं करा की, ते नाव तेवढं घासून आना. लगेच घेते.”

सुंदरम्मानं काठावरच्या नावावरून वाकडं बोट फिरवलं. मग म्हणाली, “टीव्हीवाल्यांनी न सांगता माझ्या परातीत भूत बसवलं, ह्या उसानं ते गावभर फिरवलं, आनि घासायचं माझं नाव व्हय?”

मला राग कुणाचा करावा तेच कळेना; यादीत पहिला मीच होतो.

“शहाण्या, गाडी काढ,” ती मला म्हणाली.

भांड्यांवर नाव घालणारा मडिवाळप्पा बाजारात बसतो. त्यानं मशीन सुरू करून विचारलं, “काय खोडायचंय?”

“खोडायचं न्हाय. खाली लिही, ‘मालकीण जिवंत हाय’.”

परातीचा फोटो मीच काढला आणि तिच्या हुकमावरून त्याच ग्रुपवर टाकला. वाचल्याच्या निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या, काकूंचीही. उत्तर कुणाचं आलं नाही. वैष्णवीची हळद स्टीलमध्येच कालवली गेली.