आबांच्या हातातलं डुप्लिकेट

आमच्या खानदानात पदवी घेणारा पहिला माणूस मी, आणि घड्याळ पारखणारा शेवटचाही मीच. कारण त्या प्रकारानंतर घरच्यांनी पुन्हा कुणाला काही पारखूच दिलं नाही!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हिंगोलीत कचेरीत चिकटलो होतो आणि पगाराला न शोभणारा एक शौक लागला होता: घड्याळं जमवायचा. बिस्किटाच्या डब्यात कापूस पसरून मी ती ठेवायचो. ("अंडे उबवून राहिले का?" हे बायकोचं रोजचं.) तिकडं गावी, पुसेगावात, वडिलांना, म्हणजे आबांना, वेळ उन्हावरून कळायची आणि मायला आबांच्या भुकेवरून. अशा घरात घड्याळाचा जाणकार निघाला म्हणजे काय रुबाब सांगू!

त्या सगळ्या घड्याळांचा राजा म्हणजे निळ्या तबकडीचं एक स्विस घड्याळ. आखातातून परतून कनेरगाव नाक्यावर ढाबा टाकलेल्या एका गृहस्थानं ते विकलं. "साहेब, याला सेल लागत न्हाई. कधीच न्हाई," एवढं एकच वाक्य तो बोलला, आणि मी खलास! घेतल्यापासून आंघोळ सोडली तर ते मी मनगटावरून काढलं नव्हतं. झोपेतसुद्धा!

तेवढ्यात धाकट्या बहिणीचं, शोभाचं लग्न ठरलं. डोंगरकड्याची मंडळी, सरळ माणसं. त्यांनी मागितलं काय, तर नवरदेवाला फक्त एक घड्याळ.

बैठकीत मी उभाच राहिलो. "घड्याळ मी देणार! साधंसुधं न्हाई, ओरिजिनल स्विस! पंचक्रोशीत कोणाच्या हातात नसंल असं!"

नवरदेवाच्या आईनं विचारलं, "ओरिजिनल म्हंजी?"

"म्हणजे खरं, मावशी."

"मंग बाकीच्यायचे काय खोटे राहतेत का?"

लोक हसले. पण शब्द गेला तो गेला. घरी येऊन मनगटाकडं पाहिलं आणि रडू यायचं बाकी राहिलं. मग संग्राहकाला सुचावा तसा उपाय सुचला. नांदेडला जाऊन फुटपाथवरून हुबेहूब तसंच डुप्लिकेट आणलं. तीच निळी तबकडी, तोच चकचकाट. खरं दाजींना, खोटं मला. निदान मनगटाला तरी फसवता येईल!

दोन्ही घड्याळं दोन वेगळ्या डब्यांत घालून पुसेगावला नेली आणि खरं मायच्या हवाली केलं. ("जपून ठेव," एवढंच म्हणालो. इथंच चुकलो.) मायनं माझ्या पिशवीतून दुसरंही काढलं, दोन्ही डब्यांतून बाहेर घेतली, हळदकुंकू लावलं आणि देवकापाशी एकाच ताम्हनात मांडली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी पाहतो तर दोन्ही घड्याळं कपाळभर कुंकू लावून शेजारी शेजारी बसलेली.

"माय! यातलं खरं कोणतं?"

"मला काय माहीत? दोन व्हते, दोन ठिवले. देवाला काय खरं अन् काय खोटं?"

घरात पाहुणे मावत नव्हते. बातमी फुटली आणि प्रत्येक जण पारखी झाला. मामांनी दोन्ही कानाला लावली. चुलत्यानं एक चावून पाहिलं. मी सगळ्यांना गप्प केलं. पदवी काय उगाच घेतली होती? मी शास्त्रशुद्ध पारख मांडली. पहिली कसोटी वजनाची: एक घड्याळ चांगलंच जड भरलं. दुसरी कसोटी रेडिओची: बातम्यांच्या ठोक्याला तेच जड घड्याळ सेकंदाला सेकंद बराबर. आणि दुसरं? दुसरं बंदच पडलं होतं!

"झालं!" मी मांडी थोपटली. "ज्याला सेल लागत न्हाई ते थांबायचं कसं? थांबलं ते खोटं!"

"व्हय की," मामा म्हणाले. "शिकलेल्याचं डोस्कंच येगळं."

जड घड्याळ मी स्वतःच्या हातानं दाजींच्या मनगटावर बांधलं. फोटोही काढला. त्यात माझी छाती नवरदेवाच्या पुढं आलेली दिसते. आणि ते बंद पडलेलं डुप्लिकेट? मला बघवेना. मी ते आबांना देऊन टाकलं. "आबा, शोभेला घाला. चालत न्हाई ते."

आबांनी दुसऱ्या दिवशी ते घातलं, वखराला बैल जुंपले आणि दुपारी मला हाक मारली. "अरे, हे तं चालून राहिलं!"

"चालंल थोडं. खोट्याचा काय भरवसा?"

ते चालतच राहिलं. आबा विहिरीवर बैल धुवायचे तेव्हाही ते हातात. कडबा तोडताना, शेतातला आखाडा सारवताना हातात. रात्री कधी काढून ठेवायचेच नाहीत. म्हणायचे, "काढून ठिवलं की रुसते. हातात असलं की चालते. माणसावाणीच हाय." आणि मी, घड्याळांचा जाणकार, त्यांना समजावायचो, "आबा, डुप्लिकेटचं असंच असतंय."

पुढच्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याला जेवू घालून वाण द्यायचं. शोभा आणि दाजी आले. शोभानं मला चुलीपाशी गाठलं.

"दादा, खरं सांग. घड्याळ खरंच खरं व्हतं ना रे?"

"काहून?"

"त्यायच्या मनगटावर हिरवा पट्टा पडला. हात धुतला तं आत पाणी गेलं, बंदच पडलं. सासूबाई रोज म्हणतेत, शिकलेल्या भावानं पितळ बांधलं. मी काय बोलू त्यायला?" तिचे डोळे भरले होते. धुरानं नव्हे.

माझा आवाज चढला. "त्यांना सांग, अस्सल धातूला हिरवं चढतंच! तांब्याला चढत न्हाई का?"

जेवणं झाली. मायनं पुरणाचे धोंडे वाढले, जावयाला ओवाळलं आणि रीतीनं विचारलं, "जावईबापू, वाणात काय पाहिजे ते मागा."

दाजींनी मान खाली घातली. "मामी, रागावू नका. मला आबांच्या हातातलं डुप्लिकेट द्या. हे ओरिजिनल भाऊंनाच असू द्या. आमच्यावाल्या कामाला हे टिकत न्हाई."

घरभर हशा! आबांनी लगेच घड्याळ काढलं. मायनं ते चिंच आणि राख लावून काशाच्या वाटीसारखं घासलं, पदरानं पुसलं आणि ताटात ठेवलं. (आज आठवलं की अंगावर काटा येतो.) दाजींनी ते बांधलं. ते टकटक न करता, मुकाट चालूच होतं.

पण माझा अभिमान गप्प बसेना. "थांबा! ओरिजिनल आतून कसं असतंय ते दाखवतो. मंग कळंल, काय वस्तू सोडली!" मी परत आलेलं घड्याळ घेतलं आणि विळीच्या टोकानं मागचं झाकण उचकटलं.

आत शर्टाच्या बटणाएवढा एक सेल. बाकी मोकळं मैदान. आणि कडेला, वजन भरावं म्हणून चिकटवलेला शिशाचा तुकडा.

सेल न लागणारं घड्याळ हाताच्या हलण्यावर चालतं, म्हणूनच ते ताम्हनात थांबलं होतं, हे माझ्या पदवीधर डोक्यात तेव्हा शिरलं. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू दाजींच्या मनगटाकडं वळल्या. दाजींनी शर्टाची बाही खाली ओढली.

मी म्हणालो, "दाजी, जरा इकडं..."

"ए!" माय गरजली. "धोंड्याचं वाण परत मागतेत व्हय? नारायणाच्या हातातलं?"

शोभा पदर तोंडाला लावून हसत होती. वर्षभरानं पहिल्यांदा. त्या हसण्याला पाहून मी झाकण पुन्हा बसवलं. ते बसलंही नाही.

आबा मात्र बरेच दिवस चुकचुकत राहिले. मनगटावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडं आधी बघायचे आणि मग उन्हाकडं. मला राहवेना. पुढं बढती मिळाल्यावर मी एक चांगलं घड्याळ घेतलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. आबांनी ते उलटंपालटं केलं, कानाला लावलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"हे खरं म्हणून आणलं का खोटं म्हणून?"

"एकदम खरं, आबा! मी सोता पारखून आणलं."

आबांनी ते डब्यात ठेवलं आणि डबा माझ्याकडं सरकवला.

"मंग ऱ्हाऊ दे, लेकरा. खोटं म्हणून आणशील तवा घालतो."