बाबांची मूठ आणि न जुळणारी लिंक

आधीच सांगते, उतारा, लिंबू-मिरची, अंगात येणं यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. गावात कोणी असलं बोललं की तावातावाने भांडणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

आमचं घर धामणगाव बढे इथलं, मोताळा तालुका. गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज किती उरली हे डॉक्टरांनाही सांगता येईना. आईचे गुडघे कामातून गेलेले, आणि बाबांना उठवायला दोन माणसं लागतात. म्हणून मी पुण्याची नोकरी घरून करत होते. मॅनेजरने निक्षून सांगितलं होतं — शुक्रवारपर्यंत मॉडेल चाललं तर ठीक, नाहीतर पुण्याला परत या. म्हणजे बाबांना बुलढाण्याच्या एका केंद्रात ठेवायचं. आम्ही ते बघूनही आलो होतो.

माझं काम असं की, दोन चिपांमधल्या तारेतून, म्हणजे लिंकवरून, प्रचंड वेगाने डेटा जातो आणि पोचेपर्यंत त्याचा पार काला होतो. म्हणून घेणारी चिप पाठवणाऱ्या चिपला उलटा निरोप देते — वाढव, कमी कर, राहू दे — आणि दोघी हळूहळू जुळवून घेतात. ह्याला अॅडाप्टिव्ह इक्वलायझेशन म्हणतात. चिप बनण्याआधी हे कॉम्प्युटरवर चालवून बघायचं मॉडेल मी लिहीत होते, आणि त्यात त्या काही केल्या जुळेनात. वाढव, वाढव, मग एकदम कमी कर, कमी कर... दहा दिवस हाच झोपाळा.

बुधवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास ओसरीत मॉडेल चालवत बसले होते, दर निरोपाची एक ओळ स्क्रीनवर उमटायची. बाबा समोर खाटेवर, लॅपटॉपची पाठ त्यांच्याकडे. आई तूर निवडत होती. तेवढ्यात बाबांचा डावा हात उचलला गेला, तळवा वर. आणि मग माझ्या स्क्रीनवर ओळ आली — वाढव.

ही खूण आमच्या शेतातली. विहिरीवर आई ड्रिपच्या कॉकला हात लावून उभी, बाबा पार टोकाच्या नळीपाशी. मोटारीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. तळवा वर म्हणजे कॉक उघड, खाली म्हणजे आवळ, मूठ म्हणजे आता हात लावू नको.

तळवा खाली वळला. नंतर स्क्रीनवर — कमी कर. योगायोग, म्हटलं. मॉडेलमधली केबल बदलली, आकडे बदलले, पुन्हा चालवलं. कागदावर टिपत गेले. दरवेळी हात आधी, ओळ मागून! मला तर रागच आला, खरं सांगते. असं कसं होईल?

चौथ्या वेळी बाबांनी एकदाच तळवा वर केला आणि मूठ आवळली. मॉडेल मात्र वाढव, वाढव करतच राहिलं, मग उलटं फिरलं. मूठ काही उघडेना. आईने सुपातून मान वर केली.

"पाणी पोचू दे म्हणून राह्यले ते," ती म्हणाली. "मी घाई केली का असीच मूठ दाखवत मले."

मी स्क्रीनवरच्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. पाठवणाऱ्या चिपने केलेला बदल टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि माझं मॉडेल तो पोचायच्या आधीच पुढचा निरोप देत होतं. दहा दिवस डोकं फोडलं ते ह्याच्यासाठी! दर निरोपानंतर थांबायची अट टाकली. यावेळी स्क्रीनवर 'राहू दे' आलं तेव्हा बाबांची मूठ छातीवर होती. मॉडेल जुळलं. गुरुवारीच पाठवलं, आणि घरून काम चालू राहिलं.

चूक मला कधी ना कधी सापडली असती, हे मान्य. पण हात आधी कसा? पंख्याचा आवाज, लॅपटॉपची घरघर, भिंतीवरचा उजेड, सगळं तपासलं. नंतर कितीदा मुद्दाम मॉडेल चालवून बघितलं. हात पुन्हा हलला नाही. मी अजून शोधणं सोडलेलं नाही.

आणि एक. त्या केंद्राचा फॉर्म मी सोमवारीच भरला होता, बाबांच्या उशाशी बसून, एकेक प्रश्न आईला मोठ्याने वाचून दाखवत. 'रुग्णाला आजूबाजूचं कळतं का?' मी तोंडाने 'नाही' म्हणाले होते आणि तसंच लिहिलं होतं. बाबा माझ्याकडेच बघत होते.